घाटातला वेग, रस्त्यावरचा वेग

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या दोन तालुक्यांत गेली पंधराएक वर्षे वेगावरून वाद चालू आहे, आणि तो दोन ठिकाणी चालतो. एक बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या पट्ट्यावर, दुसरा पुणे-नाशिक रस्त्यावर. पहिला वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. दुसरा मंत्रालयात, संसदेत आणि अनेकदा ग्रामीण रुग्णालयाच्या दारात चालतो. माणसे मात्र तीच. दुपारी घाटात गाड्यामागे भंडारा उधळणारा तरुण संध्याकाळी मोटारसायकल काढून चाकणच्या कारखान्यातल्या रात्रपाळीला निघतो. तरी या दोन वेगांचा विचार कोणी एकत्र करत नाही. बैलगाड्याचा विषय निघाला की बोलणे परंपरा आणि क्रूरता यांच्यात अडकते, रस्त्याचा निघाला की विकास आणि अपघात यांच्यात. वेगाची ओढ दोन्हीकडे आहे, तिची किंमत कोणीतरी मोजतो हेही दोन्हीकडे खरे आहे. म्हणून हा आढावा दोन्ही एकत्र ठेवून घेतला आहे.

मागची वाट

हा मुलूख जुना व्यापारी. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आजही जकातीचा म्हणून दाखवतात. त्या व्यापाराची गती म्हणजे पाठीवर ओझे घेतलेल्या जनावराची चाल. पुढे शेकडो वर्षे इथला बैल नांगराला, मोटेला आणि गाडीला जुंपला गेला, आणि या तिन्ही कामांत त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा होती, पळण्याची नव्हे. तो पळायचा तो वर्षातून एखाद्या दिवशी, गावच्या देवाच्या यात्रेत. आंबेगावातल्या नागापूरजवळच्या थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला नवसाचे गाडे पळवतात. पौषात सुरू झालेला यात्रांचा हंगाम चैत्र-वैशाखापर्यंत गावोगाव फिरत राहतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाने हे चित्र पालटले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी फिरले. जिथे बाजरी होती तिथे ऊस, द्राक्ष आणि टोमॅटो आले. हातात पैसा आला, पाठोपाठ ट्रॅक्टर आला आणि बैलाचे शेतातले काम हळूहळू संपत गेले. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या सात वर्षांत देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. ज्याला शेतात काम उरले नाही अशा बैलाला दावणीला ठेवायचे तर कारण हवे. या भागात ते कारण घाटाने दिले. शर्यत जुनी असली तरी तिच्यातली आजची ईर्ष्या, बक्षिसे आणि बैलाला येणारी लाखांतली किंमत ही या पन्नास वर्षांतल्या बदलाची देणगी आहे. पुढचे सगळे वाद समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

बारी कशी होते

महाराष्ट्रात शर्यतीच्या रीती एकसारख्या नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अनेक गाड्या एकदम सुटतात, गाडीवर हाकणारा असतो आणि पुढे जाईल तो जिंकतो. विदर्भात शंकरपट, त्यात अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि मावळ या पट्ट्याची रीत यांहून वेगळी. इथे एका वेळी एकच गाडा पळतो, ती त्याची बारी, आणि लढत असते ती घड्याळाशी.

गाड्याला चार बैल, एक जोडी पुढे, एक मागे. गाडा हलका, त्यावर माणूस नाही. पुढे घोडी असते, तिच्यावर स्वार, आणि तिच्या मागे बैल चढाच्या सरळ पट्ट्यावर झेपावतात. बारी सुटण्याआधीचा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. चार उमदी जनावरे एकाच वेळी, एकाच दिशेला तोंड करून, जुवाखाली उभी करायची हे सोपे काम नाही. एक बैल मागे सरतो, दुसरा मान झटकतो, तिसऱ्याला घोडी दिसलेली असते आणि तो थांबायला तयार नसतो. आठ-दहा माणसे त्यांना आपल्या अंगाने धरून ठेवतात. मग एकाएकी सगळे हात सुटतात. माणसे बाजूला फेकल्यासारखी होतात आणि ध्वनिक्षेपकावरून निवेदकाचा ‘भिर्रर्र’ घुमतो. अकरा, बारा, तेरा सेकंदांत सगळे संपते. वरच्या टोकाला निशाण पडते, बैल पुढच्या मोकळ्या रानात जातात आणि तिथे थांबलेली माणसे त्यांना धरतात. खाली तोवर पुढच्या टोकनचा गाडा जुंपायला लागलेला असतो.

पूर्वी हातातले स्टॉपवॉच आणि निशाण यांवर निकाल लागे. त्यावरून भांडणे होत. आता अनेक घाटांत सेन्सरचे घड्याळ आले आहे आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत पुकारली जाते. ठरलेल्या वेळेच्या आत येणारे सगळे गाडे पहिल्या क्रमांकात, त्यानंतरचे दुसऱ्यात, आणि बक्षीस त्या त्या क्रमांकातल्या गाड्यांत वाटले जाते. दिवसभरातल्या सर्वांत कमी वेळेचा गाडा तो घाटाचा राजा. घाटाची लांबी आणि चढ गावागणिक बदलतो, त्यामुळे एका गावची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही. प्रत्येक घाटाचा विक्रम त्या घाटापुरता.

न्यायालयातली बारा वर्षे

वादाची सुरुवात ११ जुलै २०११ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेपासून होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम २२ नुसार ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत, त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या जोडीला वळू-बैल घातला गेला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अधिसूचना योग्य ठरवली आणि राज्यात शर्यती थांबल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत या दोन्हींवर बंदी आणली. बैलाची शरीररचना शर्यतीच्या घोड्यासारखी नाही, त्याला धावायला लावणे म्हणजे वेदना किंवा भीती यांचाच वापर करणे, असा त्या निकालाचा गाभा होता.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटींसह परवानगी देऊ केली, पण न्यायालयाने आठवडाभरातच तिला स्थगिती दिली. पुढच्या जानेवारीत जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा जमाव बसला आणि तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्र विधिमंडळानेही एप्रिल २०१७ मध्ये तशीच दुरुस्ती मंजूर केली. नियम मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा त्यात ठेवली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली आणि दुरुस्ती कागदावर राहिली. बंदीच्या काळात आडरानात, भल्या पहाटे चोरून गाडे पळाले, गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी मोडून शर्यत भरवली, तेव्हा हा विषय राज्यभर गाजला.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या दुरुस्त कायद्यानुसार शर्यती घ्यायला मुभा दिली. आंबेगावातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला शर्यत भरणार होती. तयारी पूर्ण झाली होती, पण करोनाच्या वाढत्या संसर्गामुळे परवानगी ऐनवेळी मागे घेतली गेली. फेब्रुवारीत घाट पुन्हा गजबजले. खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाच्या यात्रेत शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी गाड्यापुढे घोडी पळवली. त्यांच्या आधी तीन वेळा निवडून आलेले शिवाजीराव आढळराव पाटील हेही बैलगाड्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे लढत आले होते. या मतदारसंघात बैलगाडा हा निवडणुकीचा मुद्दा आहे, आणि कोणत्याही पक्षाला त्याकडे पाठ फिरवता आलेली नाही.

अखेर १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवण्याचे काम विधिमंडळाचे, असे पीठाने म्हटले आणि नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. न्यायालयाने शर्यतीला कायद्याचे बळ दिले ते नियम पाळले जातील या विश्वासावर. विजयाच्या मिरवणुकांत निकालाचा हा अर्धा भाग मागे पडला.

कोण काय म्हणते

गाडामालकांचे म्हणणे आधी. शर्यतीचा बैल घरच्या माणसाआधी जेवतो. दूध, अंडी, उडीद, पेंड असा त्याचा खुराक असतो, आणि असा बैल कोणी मारून-झोडून पळवत नाही. मार खाल्लेला बैल एकदा पळेल, दुसऱ्यांदा घाटाकडे तोंड करणार नाही, हे त्यांचे अनुभवाचे बोल आहेत. दुसरा मुद्दा खिलार जातीचा. माण, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात घडलेली ही चपळ, काटक जात ट्रॅक्टरच्या काळात कोण सांभाळणार? बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात आज खिलार खोंडाला गिऱ्हाईक मिळते ते शर्यतीमुळे. तिसरा मुद्दा न्यायाचा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर घोडे पळतात, त्यावर पैजा लागतात, आणि ते कायदेशीर आहे. मग शेतकऱ्याच्या यात्रेतल्या बैलावरच आक्षेप का? घोड्याची शरीररचना वेगळी हे उत्तर न्यायालयाने दिले असले तरी या प्रश्नातला शहरी-ग्रामीण भेदभावाचा सल त्याने गेलेला नाही.

प्राणीहक्काच्या बाजूने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ, पेटा आणि काही कार्यकर्ते उभे राहिले. त्यांचा युक्तिवादही तितकाच गांभीर्याने घ्यावा लागतो. क्रूरता घाटात दिसत नाही, ती घाटाच्या आधी होते, हे त्यांचे पहिले म्हणणे. टोचणी, विजेचा झटका, शेपटी पिरगाळणे असे प्रकार न्यायालयापुढे मांडले गेले होते, आणि राज्याच्या नियमांनीच काठी, चाबूक, बॅटरी यांवर नावानिशी बंदी घातली, यावरून ते काल्पनिक नव्हते हे उघड आहे. दुसरे म्हणणे असे की बैलाची संमती कोणी विचारत नाही. माणूस धोका पत्करतो तेव्हा तो स्वतःच्या जिवावर पत्करतो. बैलाच्या बाबतीत धोका एकाचा आणि थरार दुसऱ्याचा. तिसरे, जात टिकवायची तर गाईंची पैदास, दुधाचा भाव आणि चाऱ्याची सोय बघायला हवी. शर्यतीने फार तर मूठभर देखणे बैल टिकतील.

यात मधली बाजूही आहे. तिच्यात पशुवैद्यक आहेत, जुने गाडामालक आहेत. अंतर, फेऱ्या, विश्रांती आणि तपासणी यांचे नियम पाळले तर खेळ चालू द्यावा, पण बक्षिसांचा फुगारा आवरावा, असे ही मंडळी म्हणतात. परवानगी मिळाल्यानंतर काही ठिकाणी बोलेरो, जेसीबी, ट्रॅक्टर अशी बक्षिसे लागली. नवसापुरता पळणारा गाडा आणि जेसीबीसाठी पळणारा गाडा यांत मालकाच्या मनावरचा ताण वेगळा असतो, आणि तो ताण शेवटी बैलाच्या अंगावर येतो. मला या तिन्हींत हीच बाजू सर्वांत अडचणीची आणि सर्वांत खरी वाटते. बंदी किंवा मोकळीक यांपैकी एक निवडणे तुलनेने सोपे. हंगामभर, प्रत्येक घाटावर, प्रत्येक बारीला नियम पाळणे कष्टाचे.

खिलारच्या मुद्द्यावर एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. शर्यतीने खोंडाला किंमत आली हे निर्विवाद. पण जात टिकली की नाही याचे उत्तर गोठ्यातल्या गाईंच्या संख्येत असते. बैलाची किंमत वाढली म्हणून खिलार गाय पाळणारी घरे वाढली का, हे गावागावात मोजल्याशिवाय तो दावा अर्धाच राहतो.

थरार येतो कुठून

वेगाचे आकर्षण हा अभ्यासाचा विषय आहे. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार मांडले: चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ. झोका, घसरगुंडी, वेगवान वाहन हे चौथ्या प्रकारात येतात. भान क्षणभर सुटावे आणि लगेच परत यावे, एवढाच त्यांचा हेतू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन याने १९६० च्या दशकापासून असे दाखवायचा प्रयत्न केला की तीव्र संवेदनांची ओढ माणसागणिक कमी-जास्त असते, आणि ती तरुण वयात सर्वाधिक असते.

घाट या दोन्ही विचारांच्या चौकटीत पूर्ण बसत नाही. इथे वेग प्रेक्षकाच्या अंगात नाही, तो डोळ्यांपुढून जातो. भोवळ येते ती गर्दीला, सगळ्यांना एकदम. शिवाय आकडा पाहिला तर वेग फार मोठा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या कंबळा शर्यतीत एका धावपटूने रेड्यांच्या जोडीबरोबर चिखलातून १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापल्याची बातमी जगभर गेली, त्याची उसेन बोल्टशी तुलना झाली. तो वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटर भरतो. नारायणगावच्या बायपासवर एवढ्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला मागचे लोक हॉर्न वाजवून बाजूला करतील. तरी घाटातल्या बारीला हजारोंचा श्वास रोखला जातो. याचा अर्थ थरार वेगाच्या आकड्यातून येत नाही. कष्टाने वाढवलेले, एरवी संथ चालणारे जनावर उधळते आणि बारा सेकंदांत निकाल लागतो, यातून तो येतो.

रस्त्यावर नेमके उलटे घडते. तिथे आकडा वाढत जातो आणि जाणीव कमी होत जाते. मोकळ्या रस्त्यावर काही वेळ वेगात गेले की तो वेग कमी वाटू लागतो, हे चालकांवरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. घाटातल्या वेगाला सुरुवात आणि शेवट आहे, निशाण आहे, निवेदक आहे. रस्त्यावरच्या वेगाला यांतले काही नाही.

पुणे-नाशिक रस्ता

पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ५०, आताचा ६०. पुणे ते नाशिक सुमारे २१० किलोमीटर. खेड ते सिन्नर चौपदरी झाला, पण जमिनीच्या मोबदल्यावरून मंचर, कळंब, नारायणगाव आणि खेड घाटाचे बायपास वर्षानुवर्षे रखडले. २०२१ मध्ये नारायणगाव आणि खेड घाटाचा बायपास खुला झाला तेव्हा श्रेय कोणाचे यावरून आजी-माजी खासदारांत जुंपली. त्याआधी नारायणगावच्या भर बाजारातून ट्रक जात. तो त्रास संपला. गावातले दुकानदार धंदा गेला म्हणून हळहळले, आणि गावातल्या आया मुलांना शाळेत पाठवताना निश्चिंत झाल्या.

रस्ता रुंद झाला, पण त्यावरचे वेग एकसारखे झाले नाहीत, आणि माझ्या मते इथला खरा धोका हा आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातून माल भरलेला पिकअप रात्री वाशीच्या बाजाराकडे निघतो. त्याला पहाटेचा भाव गाठायचा असतो, आणि टोमॅटो थांबत नाही. त्याच रात्री विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांकडे दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसने चाललेले असतात, अनेकांच्या मागे दिवा नसतो. त्यांच्या मधून चाकणची पाळी संपवून निघालेले मोटारसायकलवाले येतात. उसातून निघून रस्ता ओलांडणारा बिबट्याही वाहनाखाली सापडतो. वेग जितका वाढतो त्याहून जास्त वाढतो वेगांमधला फरक, आणि मागून धडक बसण्याचे कारण तोच फरक असतो. १७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावजवळ प्रवासी गाडीला मागून टेम्पोने धडक दिली, ती गाडी रस्त्याकडेला उभ्या रिकाम्या एसटीवर आदळली आणि नऊ जणांचा जीव गेला.

इथेही मते विभागलेली आहेत. एका बाजूला रस्ता आणखी मोठा करा असे म्हणणारे आहेत. चाकणच्या कोंडीत तास-तास अडकलेला माणूस खेड ओलांडल्यावर गेलेला वेळ भरून काढायला पाय दाबतो. म्हणून कोंडी सोडवणे हाच वेग आवरण्याचा उपाय, असा त्यांचा तर्क. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला ७,८२७ कोटी रुपयांची मंजुरी दिली ती याच कोंडीसाठी. दुसऱ्या बाजूला वेगमर्यादा, कॅमेरे आणि दंड यांवर भर देणारे. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांतल्या ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग नोंदवला गेला. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले गणित आहे. तिसरी बाजू शेतकऱ्यांची. प्रस्तावित पुणे-नाशिक औद्योगिक महामार्गाला जुन्नर-आंबेगावातून विरोध झाला, कारण त्यासाठी जाणारी जमीन कुकडीच्या पाण्याखालची बागायती आहे. वेग कोणाला हवा आणि जमीन कोणी द्यायची, हा त्यांचा साधा सवाल.

वाचणाऱ्या वेळेचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मंचर ते नारायणगाव साधारण १५ किलोमीटर. ताशी ८० ने सव्वाअकरा मिनिटे, ताशी १०० ने नऊ. म्हणजे सव्वादोन मिनिटे वाचतात. उलट बाजूला, ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते आणि १०० च्या वेगात जवळपास २८. समोर दिवा नसलेला ट्रेलर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ८० ला ३३ मीटर अंतर गेलेले असते आणि १०० ला ४२. ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात होते.

रेल्वे आणि दुर्बीण

वेगाचा तिसरा प्रश्न रेल्वेचा आहे आणि जगात फार कमी ठिकाणी असा प्रश्न पडला असेल. पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेचा आराखडा महारेल या कंपनीने केला. २३५ किलोमीटर, ताशी २०० किलोमीटर वेग, पावणेदोन तासांत नाशिक, खर्च सुमारे १६ हजार कोटी. मार्ग मंचर, नारायणगावकडून जाणार होता. पण नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राने ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी एका चौरस किलोमीटरात आणि बाकीच्या तीन भुजांवर २५ किलोमीटर परिसरात. या तबकड्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेवर उडणाऱ्या ठिणग्याही रेडिओलहरी सोडतात, आणि त्या जवळून येत असल्याने कितीतरी पट तीव्र असतात. याच कारणासाठी या भागात उद्योगांवरही निर्बंध आहेत.

शास्त्रज्ञांचा आक्षेप रेल्वे मंत्रालयाने मान्य केला आणि मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडून वळवण्याची दिशा घेतली. जुन्नर, आंबेगाव आणि संगमनेरमध्ये यावर नाराजी आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. दुर्बिणीसाठी कारखाने आले नाहीत, आता रेल्वेही गेली, असे लोक म्हणतात. भुयार, वळण किंवा ठिणगी रोखणारी यंत्रणा वापरून जुना मार्ग टिकवता येईल का, हा तांत्रिक प्रश्न आहे आणि त्यावर जाहीर, सविस्तर उत्तर मिळण्याचा या तालुक्यांना हक्क आहे. जीएमआरटी हलवा, ही अधूनमधून ऐकू येणारी मागणी मात्र टिकणारी नाही. जगातल्या मोजक्या मोठ्या दुर्बिणींपैकी ती एक आहे, आणि तिची जागा इथल्या तुलनेने शांत रेडिओ-वातावरणामुळे निवडली गेली.

काय सुटलेले नाही

कायद्याचा वाद संपला, अंमलबजावणीचा सुरू झाला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची वैद्यकीय तपासणी, विश्रांतीची वेळ, रुग्णवाहिका हे सगळे नियमांत आहे. एकाच रविवारी चार गावांत यात्रा असताना पशुवैद्यकीय अधिकारी कुठे कुठे पोहोचणार? पळण्याचे वय सरल्यावर बैलाचे काय होते, यावर नियमांत काही नाही. घाटाच्या कडेला चिकटून उभा राहणारा प्रेक्षक सुरक्षित नाही, आणि उधळलेला गाडा गर्दीत घुसल्याच्या घटना हंगामात घडतात. रस्त्यावर उसाच्या ट्रेलरला मागे दिवा आणि परावर्तक बसवण्याची जबाबदारी कारखान्याची, वाहतूकदाराची की परिवहन विभागाची, यावर दर गळीत हंगामात तीच चर्चा होते. आणि ज्या तरुणाला वेगाची ओढ आहे त्याच्यासाठी डांबरी रस्ता सोडून दुसरी जागा या दोन तालुक्यांत फारशी नाही. कुस्तीला आखाडे आहेत, ओतूरच्या कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची कुस्ती अजून भरते. मोटारसायकलवाल्याला आखाडा नाही.

यांतले बरेच प्रश्न मोठ्या निधीचे आहेत. एक मात्र गावाच्या हातचा आहे. बारीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहून ठेवणाऱ्या यात्रा समित्यांनी त्याच वहीत आणखी तीन रकाने आखावेत: किती बैलांची तपासणी झाली, किती बैल जखमी झाले, किती माणसे जखमी झाली. रस्त्याकडेच्या ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतला प्रत्येक अपघात, जागा आणि वेळेसह, असाच लिहावा. या दोन्ही वह्या ग्रामसभेत मोठ्याने वाचल्या जाव्यात, आणि पुढच्या वर्षीची परवानगी मागताना किंवा रस्त्याचे निवेदन देताना त्या अर्जाला जोडाव्यात. येत्या पौष पौर्णिमेच्या यात्रांपासून सुरुवात करता येईल.